कणकेचा सातपुडा

पृथ्वी गोल असते हे सांगायला
मी बामणोदच्या बाजारातून भरताचं वांगं आणलं.
देठ म्हणजे उत्तर ध्रुव, म्हटलं.
रुबाब तडवीनं देठाच्या काट्यावर बोट ठेवलं,
झटक्यात मागं घेतलं:
"म्हणून तिथं कोणी राहत नसंल."

त्या दिवशी फळ्यावर मी काहीच लिहिलं नाही.

मग मोडक्या दाराची फळी आली,
तिच्यावर डोंगर करायचा ठरला.
घरोघरून वाटी वाटी कणीक,
कुणाची गव्हाची, कुणाची दादरची,
मीठ मात्र शाळेच्या खिचडीतलं.
दादरची कणीक चिरत होती.
असू दे, म्हटलं, दऱ्याही लागतात.

तापीसाठी केळीचं सोपट सोललं,
गणवेशाच्या निळीत रात्रभर भिजवलं.
आणि गावं म्हणजे सरकी.
ज्यानं त्यानं आपापलं गाव ठेवायचं,
एकच दाणा, नीट बघून.

गुमान पावरानं आपला दाणा
पार वर, डोंगराच्या खांद्यावर ठेवला.
किती लांब रे?
"सकाळची भाकर संपते तिथवर."
नकाशाला प्रमाण लागतं, पुस्तकात तसं आहे.
आमचं ठरलं: एक वीत म्हणजे एक भाकर.

सोमवारी कुलूप काढलं
तर पालकडचा अर्धा सातपुडा नाही.
खिडकीची जाळी फाटलेली,
फळीवर तीन बोटांचे ठसे,
आणि कोपऱ्यात निवांत बसलेली
लोकेशच्या आजीची कोंबडी.
"बाई, डोंगर खाल्ला व हिनं!"
सगळा वर्ग हसला.
गुमान हसला नाही.
त्याचा दाणाही गेला होता.

झीज कशी होते, वारा, पाणी, ऊन,
हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.
तोवर त्यानं खिशातून दुसरी सरकी काढली होती.
जास्तीच्या आणल्या होत्या त्यानं,
पहिल्याच दिवशी.

डोंगर पुन्हा उभा राहिला, जरा बुटका.
मग तांब्याभर पाणी ओतलं
आणि तापी उलटी वाहिली,
सरळ बऱ्हाणपूरकडे, माझ्या साडीवर.
फरशीचा उतारच तसा, मी पाहिलं नव्हतं.
कुणीतरी पाटी सरकवली उगवतीच्या टोकाखाली.
पाणी थांबलं, जणू विचार केला त्यानं,
मग वळलं,
फळीवरून उतरून उंबरा ओलांडून गेलं.
"कुठं चाललं?" "सुरतेला!"
दारातल्या चपला भिजल्या,
तो समुद्र.

शेवटी दिशा.
सगळ्यांना अंगणात उन्हाकडे तोंड करून उभं केलं.
डावा हात सातपुडा,
जेवायचा हात तापी.
पाठ झालं का? झालं, एका सुरात.
डोळे मिटा, तापी दाखवा.
एकोणीस हात दक्षिणेला,
एक सरळ डोंगरात.

यामिनी.
डावखुरी आहे ती, मी विसरले होते.
पोरं खिदळली, तिनं हात खाली घेतला नाही.
"मी याच हातानं जेवते, बाई."
हो गं, पण तापी तिकडे आहे.
तिनं उजवीकडे पाहिलं, केळीच्या बागांपलीकडे,
मग परत डोंगराकडे.
"पण निघते तर डोंगरातूनच ना?"

मुलताई माझ्या तोंडात आली आणि तिथंच राहिली.
मी म्हटलं, निघते.
हात तसाच ठेव.

दुपारी खिचडीच्या पंगतीत
ती डाव्या हातानंच जेवत होती,
बोटांच्या पेरांत निळीचा रंग,
दोनदा धुऊनही न गेलेला.
शेजारी गुमान ताटातलं मीठ
बोटानं गोळा करून
त्याचा ढीग करत होता,
आणि कोंबडी दारापाशी येऊन
मान वाकडी करून बघत होती.